कँडीत कंबर शोधताना

श्रीलंकेत बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. नियम वाचायला सोपा आहे. पण मराठी माणसाचा फोटो म्हणजे मागे देव आणि पुढे कुटुंब. ही रचना उलटी केली तर फोटोत देव येतो आणि कुटुंबाचे फक्त आंबाडे आणि टकलं येतात. २०१२ साली तीन फ्रेंच पर्यटकांनी मूर्तीसमोर चाळे केले, मूर्तीचं चुंबन घेत असल्याचे फोटो काढले आणि ते छापायला गॉल शहरातल्या एका स्टुडिओत दिले. स्टुडिओवाल्याने पोलिसांना कळवलं. कोर्टाने तुरुंगवासाची शिक्षा सुनावली आणि ती स्थगित ठेवली, म्हणून ते घरी जाऊ शकले. दोन वर्षांनी एक ब्रिटिश बाई दंडावर बुद्धाचं गोंदण घेऊन कोलंबोच्या विमानतळावर उतरली. तिला अटक करून परत पाठवण्यात आलं. इथे मात्र तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सरकारी यंत्रणेची खरडपट्टी काढली आणि बाईला नुकसानभरपाई मिळवून दिली. तेव्हा नियम कडक आहेत, पण ते बजावणाऱ्यांनाही कुणीतरी विचारणारं आहे.

प्रस्तुत प्रवाशाने ही सगळी माहिती निघण्याआधीच जमवली होती. तो तयारीचा माणूस आहे. शिर्डीला जातानाही तो जवळच्या दवाखान्याचा नंबर कागदावर लिहून घेतो. श्रीलंकेसाठी त्याने यादीच केली. देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. टोपी आणि चपला बाहेर. मूर्तीकडे पाय पसरून बसायचं नाही. भिक्खूंपेक्षा उंच आसनावर बसायचं नाही आणि बायकांनी त्यांना स्पर्श करायचा नाही. गोड दिसलं तरी कुणाच्या पोराच्या डोक्यावर टपली मारायची नाही. काहीही अर्पण करायचं ते दोन्ही हातांनी. ही यादी त्याने लॅमिनेट केली आणि तिचा फोटो सहलीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. त्यावर एकच उत्तर आलं: ‘चिवडा कोण आणतंय?’

ग्रुपमध्ये होती प्रवाशाची बायको. तिचा मावसभाऊ, जो बँकेतून निवृत्त झाल्यापासून कुठल्याही देशाकडे याला कर्ज द्यावं की नाही अशा नजरेने बघतो. मावसभावाची पत्नी, जी त्याच्याकडे तशाच नजरेने बघते. आणि बायकोच्या जुन्या शाळेतल्या सहकारी, नागपूरच्या ताई. यादी मिळाल्यावर ताई म्हणाल्या होत्या, ‘‘छान केलीत हो भाऊ,’’ आणि पुढे काहीच बोलल्या नव्हत्या. या न बोलण्याचा अर्थ प्रवाशाला कँडीत कळणार होता.

रात्रीचं विमान, म्हणून बायकोने सुचवलं की प्रवासात बर्मुडा घाल, मोकळं वाटेल. बर्मुड्यावर माड होते आणि माडांमागे मावळता सूर्य. विमान बदलताना प्रवासी पुढे गेला आणि त्याची बॅग मधल्या विमानतळावर राहिली. सगळ्या विजारी तिच्यात होत्या. यादीही तिच्यातच होती. काउंटरवरच्या मुलीने बॅग ‘लवकरच’ येईल असं सांगितलं आणि फॉर्म भरायला दिला. त्यात बॅगेचा रंग विचारला होता. प्रवाशाने ‘काळा’ लिहिलं. मुलीने मागच्या रांगेत पडलेल्या, मालकांची वाट पाहणाऱ्या बॅगांकडे नजर टाकली. सगळ्या काळ्या होत्या.

विजार विकत घ्यावी तर ती मिळेना. श्रीलंकेची निर्यात होणाऱ्या मालातली सर्वात मोठी कमाई तयार कपड्यांची आहे. युरोप-अमेरिकेतल्या दुकानांत लटकणाऱ्या कितीतरी पॅण्टी इथल्या बायकांच्या हातून शिवून जातात. म्हणजे प्रवाशाच्या मापाच्या विजारी या देशात नक्की तयार होतात, पण त्या लगेच बोटीत बसून निघून जातात. मागे राहतात त्या सडपातळ माणसांच्या. दुकानदाराने टेप काढली, प्रवाशाभोवती फिरवली, टेपची दोन टोकं भेटतात का ते पाहिलं आणि टेप सहानुभूतीने गुंडाळून ठेवली. प्रवाशाला कंबर आहे असं त्याच्या शिंप्याने शेवटचं कधी म्हटलं होतं, हे आता त्या शिंप्यालाही आठवत नाही.

सिगिरिया पाहिलं. पाचव्या शतकातल्या काश्यप राजाचा खडकाच्या माथ्यावरचा महाल, बाराशेच्या आसपास पायऱ्या आणि सार्क देशांच्या पासपोर्टला सवलतीच्या दरात तिकीट. यातलं तिकीट मावसभावाला सर्वात कलापूर्ण वाटलं. डंबुल्लाची लेणी प्रवाशाने बायकोच्या मोबाइलवर पाहिली, कारण गुडघे उघडे असल्यामुळे तो खाली चपला राखत बसला होता.

त्यानंतर आली पौर्णिमा.

श्रीलंकेत दर पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते. तिला पोया म्हणतात आणि वर्षातल्या प्रत्येक पोयाला वेगळं नाव आहे. वेसाक म्हणजे आपली वैशाखी पौर्णिमा, पोसोन ज्येष्ठातली, एसाला आषाढातली. डिसेंबरात येते ती उंदुवप. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन लंकेत आली ती याच पौर्णिमेला, असं मानतात. त्या फांदीचं झाड अनुराधपूरला अजून उभं आहे. आपल्याकडे त्या दिवशी दत्तजयंती, म्हणून प्रवाशाच्या बायकोचा उपास होता. मावसभावाचा नव्हता. पोयाला देशभर दारूविक्री बंद असते हे त्याला कँडीत पोचल्यावर कळलं आणि त्याने श्रीलंकेचा कर्जाचा अर्ज मनातल्या मनात फेटाळला.

व्हॅन हॉटेलात ठेवून देवळाकडे बसने जाऊ या, स्वस्त पडेल, ही कल्पना मावसभावाची. बसमध्ये सगळ्यात पुढची जागा रिकामी दिसली तसा तो बसला. त्यावर भिक्खूंसाठी राखीव असल्याची पाटी होती, पण ‘राखीव’ या शब्दाचा अर्थ ज्येष्ठ नागरिक असाच होतो यावर त्याचा दृढ विश्वास आहे. पुढच्या थांब्यावर पंधरा-सोळा वर्षांचा एक भिक्खू चढला. सगळी बस सावरून बसली. कंडक्टर काही बोलला नाही, फक्त मावसभावाकडे बघत राहिला. ताईंनी मावसभावाला दंडाला धरून उठवलं. मावसभावाने पोराला नमस्कार केला. पोराने मान हलवली नाही, नमस्कार परत केला नाही, खिडकीबाहेर बघत बसला.

‘‘शिष्टाचार म्हणून काही असतो की नाही?’’ मावसभाऊ कुजबुजला.

‘‘शिष्टाचारच आहे तो,’’ ताई म्हणाल्या. ‘‘गृहस्थाच्या वंदनेला भिक्खू वंदना करत नाहीत. राष्ट्राध्यक्ष वाकले तरी नाही करत.’’

कँडीचं दलदा मालिगावा हे बुद्धाच्या दाताचं मंदिर. बर्मुडा घालून तिथे प्रवेश नाही. पोयामुळे बरीच दुकानं बंद. शेवटी व्हॅनच्या ड्रायव्हरने हॉटेलातून आपला धुतलेला पांढरा सारोंग आणून दिला. ड्रायव्हर उंच आणि काटकुळा होता. सारोंग म्हणजे दोन्ही टोकं एकत्र शिवलेली लुंगी. आत उभं राहायचं, जादा कापड एका बाजूला ओढायचं, त्याची पोटावर रुंद घडी घालायची आणि वरची किनार खाली वळवून खोचायची. ड्रायव्हरने स्वतःवर करून दाखवलं. घडी पडली, किनार वळली, सारोंग जागच्या जागी बसला.

मग प्रवासी आत उभा राहिला. इथे भूमितीचा प्रश्न निर्माण झाला. सारोंगचा घेर ठरलेला असतो. ड्रायव्हरच्या बाबतीत त्यातला निम्मा घेर माणसाला लागतो आणि निम्मा घडीला उरतो. प्रवाशाच्या बाबतीत सगळाच माणसाला लागला. घडीला बोटभर कापड उरलं. ते ड्रायव्हरने कुठेतरी खोचलं, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाला, ‘‘सर, डोन्ट लाफ.’’

बायकोच्या पर्समध्ये सेफ्टी पिना होत्या. मराठी बाईच्या पर्समध्ये त्या असतातच आणि संस्कृतीचा निम्मा डोलारा त्यांच्यावर उभा आहे. पण तपासणीच्या रांगा बायकांच्या वेगळ्या आणि पुरुषांच्या वेगळ्या. पर्स बायकांच्या रांगेत गेली.

ही तपासणी नावापुरती नसते. १९९८च्या जानेवारीत लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेने स्फोटकांनी भरलेला ट्रक या मंदिराच्या दारावर घातला. माणसं मेली, दर्शनी भाग उद्ध्वस्त झाला आणि दुरुस्तीला पुढे बराच काळ लागला. आधी लोक रस्त्यावरून सरळ आत जात. आता रस्ता बंद आहे आणि अंगझडती होते. भाविक हात वर करून मुकाट उभे राहतात. कुणी कुरकुरत नाही. दातावर श्रद्धा असलेल्या म्हाताऱ्या बायका पिशवीतली फुलंसुद्धा उलगडून दाखवतात. लिट्टे आणि सरकार यांच्यातलं युद्ध २००९ साली संपलं, त्याच्या खुणा मात्र अशा दारांवर भेटतात.

प्रवाशाने हात वर केले. जवानाने दोन्ही बाजूंनी चाचपलं. त्याचा हात कमरेशी आला, म्हणजे जिथे ती असायला हवी तिथे आला, आणि ड्रायव्हरने खोचलेलं बोटभर कापड बाहेर आलं. प्रवाशाने हात खाली घेतले. जवानाने ते परत वर करायला सांगितलं. प्रवाशाने एक वर केला. जवानाने प्रवाशाच्या तोंडाकडे पाहिलं, मग सारोंगाकडे, आणि माणूस म्हणून निर्णय घेऊन त्याला पुढे सोडलं.

चपला ठेवायच्या जागी बायको भेटली, पण पर्स उघडायला वेळ मिळाला नाही. संध्याकाळच्या पूजेला सुरुवात होत होती आणि गर्दी सगळ्यांना पुढे नेत होती. ताईंनी बाहेरून फुलं घेतली होती. निळी कमळं, जी श्रीलंकेचं राष्ट्रीय फूल आहेत, आणि थोडा पांढरा चाफा. प्रवाशाच्या वाट्याची कमळं त्यांनी त्याच्या हातात दिली. बायकोने सवयीने बजावलं, ‘‘वास घेऊ नकोस.’’ हा नियम इथेही आहे, यादीत घालायचा राहिला होता. वास घेतलेलं फूल बुद्धालाही चालत नाही.

आणि फुलं दोन्ही हातांनी धरायची असतात.

आता प्रवाशाची स्थिती अशी होती. दोन हात फुलांना. एक हात सारोंगला हवा. तिसरा हात नाही. एक हात सारोंगला द्यावा तर फुलं एका हातात, ते अवमानकारक. दोन्ही फुलांना द्यावे तर जे होईल ते जास्तच अवमानकारक. त्याने दोन्ही कोपरं बरगड्यांशी आवळून सारोंगच्या किनारीवर दाबली आणि फुलं छातीशी धरली. या अवस्थेत माणूस अत्यंत भाविक दिसतो. आजूबाजूच्या दोन-तीन जणांनी त्याच्याकडे आदराने पाहिलं.

खालच्या मंडपात ढोल सुरू झाले. पांढऱ्या वस्त्रांवर लाल पट्टे बांधलेले वादक आणि त्यांच्यासोबत सनईच्या जातीचं, पण तिच्याहून तिखट वाद्य. ही पूजा रोज तीनदा होते, पहाटे साडेपाचला, सकाळी साडेनऊला आणि संध्याकाळी साडेसहाला. गाभाऱ्याचं दार तेवढ्याच वेळी उघडतं. रांग लाकडी जिन्याने वर जाते. जिना चढताना पाऊल उचलावं लागतं आणि पाऊल उचललं की सारोंगचा घेर हलतो. प्रवासी जिना बाजूने चढला, दर पायरीला दोन्ही पाय एकत्र आणत. मागच्यांनी समजून घेतलं. गुडघ्याचं दुखणं असेल असं त्यांना वाटलं असावं.

ज्या दातासाठी ही रांग, तो दात लोकांना दिसत नाही. दिसतो तो स्तूपाच्या आकाराचा सोन्याचा करंडक, ज्याच्या आत एकात एक असे आणखी करंडक आहेत. प्रत्यक्ष दात क्वचितच दर्शनाला काढतात. २०२५च्या एप्रिलमध्ये तो सोळा वर्षांनी काढला तेव्हा कँडीत पाय ठेवायला जागा नव्हती. चौथ्या शतकात कलिंगाची राजकन्या हेममाला हा दात आंबाड्यात लपवून, समुद्र ओलांडून लंकेत घेऊन आली अशी परंपरा आहे. म्हणजे एका बाईने केसांत दात सांभाळत देश बदलला. प्रवाशाला कापडाचा एक तुकडा सांभाळत खोली ओलांडता येत नव्हती.

दाताचं गोव्याशीही नातं आहे आणि ते गोव्याने मिरवावं असं नाही. १५६० साली गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय कॉन्स्तान्तिनो द ब्रागांसा याने जाफन्यावर स्वारी केली. लुटीत एक दात मिळाला, तो हाच असं पोर्तुगीजांना वाटलं. तो सोडवून घ्यायला पेगूच्या, म्हणजे आजच्या म्यानमारमधल्या, राजाने प्रचंड रक्कम देऊ केली. व्हाइसरॉयला पैसे हवे होते, आर्चबिशपला नको होते. आर्चबिशप जिंकला. दात खलबत्त्यात कुटून, जाळून, राख नदीत सोडली. सिंहली लोक आजही शांतपणे सांगतात की तो खरा नव्हताच, खरा इथेच होता. परक्या देशातल्या देवाशी पाहुण्याने कसं वागू नये याचं याहून ठळक उदाहरण प्रवाशाच्या यादीत नव्हतं. पुढे गोव्याने हिशेब थोडा सावरला. सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १९०२ साली कोलंबोला आले, विद्योदय परिवेणात पाली शिकले आणि तिथेच श्रामणेर झाले. तेही घर सोडून, अंगावरच्या कपड्यांचा फारसा विचार न करता आले होते. चीवर त्यांच्या अंगावर टिकलं.

गाभाऱ्यासमोर फुलांचं लांब टेबल असतं. तिथे हात पुढे करून फुलं ठेवायची, समोर सोन्याकडे बघायचं आणि सरकायचं. थांबायचं नाही. सेवेकरी हाताने इशारा करतो. प्रवासी टेबलाशी पोचला. फुलं ठेवायला हात पुढे करायला हवे होते. हात पुढे केले की कोपरं सुटतात. सिगिरियाच्या खडकावर चढताना न घाबरलेला माणूस इथे घामाने थबथबला.

त्याने हात पुढे केले.

सारोंग निघाला. पण खाली गेला नाही. मागून कुणीतरी तो मुठीत धरला होता. प्रवाशाने मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. सत्तरीचे एक आजोबा, पांढरा सदरा, पांढरा सारोंग, ओठांवर पुटपुटणं चालू. उजव्या हातात त्यांची स्वतःची फुलं होती, डाव्या मुठीत प्रवाशाच्या पाठीमागचं सगळं कापड. पुटपुटणं क्षणभरही थांबलं नाही. प्रवासी सरकला तसे ते सरकले. प्रवाशाची फुलं टेबलावर गेली. मग आजोबांनी आपली फुलं ठेवली, एका हाताने.

सोन्याचा करंडक प्रवाशाने पाहिला, असं म्हणता येईल. पिवळं काहीतरी झळाळून गेलं.

गर्दीच्या बाहेर आल्यावर आजोबांनी त्याला एका खांबाआड नेलं, हात वर करायला लावले आणि शाळेत निघालेल्या पोराची चड्डी आई सारखी करते तसा सारोंग दोन हिसड्यांत नेसवून दिला. त्यांची युक्ती साधी होती. ड्रायव्हरने सारोंग पोटावर बांधला होता. आजोबांनी तो पोटाच्या खाली बांधला. खाली घेर लागतो कमी, घडीला कापड उरतं. मग पोट स्वतःच वरून किनारीवर पहारा देतं. आयुष्यभर ज्या अवयवाबद्दल टोमणे खाल्ले, तो प्रथमच कामी आला. प्रवाशाने आजोबांना वाकून नमस्कार केला. त्यांनी केला परत. ते भिक्खू नव्हते.

बायको पिना घेऊन आली तेव्हा गरज संपली होती. तिने तरी दोन लावल्या.

ताई कुठे आहेत म्हणून शोधाशोध झाली. वरच्या मोठ्या दालनात जमिनीवर बायका बसल्या होत्या, सगळ्या पांढऱ्यात. पोयाला कितीतरी लोक दिवसभर अष्टशील पाळतात. त्यांच्यामध्ये ताई बसल्या होत्या, त्यांनीही पांढरी साडी नेसली होती. ती त्यांनी नागपूरहून आणली होती, यादी यायच्या आधीच बॅगेत भरलेली. पाय दुमडून मागे घेतलेले, हात जोडलेले, मूर्तीकडे तोंड. बायका पालीत त्रिशरण आणि पंचशील म्हणत होत्या आणि ताई त्यांच्यासोबत म्हणत होत्या. शेजारच्या बाईने चार-दोन ओळींनंतर ताईंकडे पाहिलं, थोडी सरकून जागा केली आणि आपल्या नातीला ताईंच्या मांडीला टेकून बसवलं.

ताईंची आई १९५६ साली दीक्षाभूमीवर होती. ताई तेव्हा जन्मल्या नव्हत्या. त्याआधी सहा वर्षं, १९५० साली, जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब याच कँडीत आले होते. हे ताईंनी नंतर, पायऱ्या उतरताना, चपलांचं टोकन शोधत सांगितलं. मग म्हणाल्या, ‘‘चाल वेगळी आहे यांची. आमच्याकडे जरा भरभर म्हणतात. शब्द सगळे तेच.’’ आणि थोड्या वेळाने, कुणी विचारलं नसताना, ‘‘आई असायला हवी होती.’’

प्रवासी काही बोलला नाही. यादी हरवली आहे याचं त्याला प्रथमच बरं वाटलं.

मावसभावाला मात्र हीच वेळ सापडली. भारतीय पर्यटकांना या देशात एक खोड जडते, घरमालक भाडेकरूच्या खोलीत शिरतो त्या थाटात ते हिंडतात. अशोक आमचा, फांदी आमची, दातही मुळात आमच्याकडचाच. प्रवाशाला या खोडीची मनापासून चीड येते. कलिंगातून आलेली वस्तू ज्यांनी सोळाशे वर्षं जपली त्यांना आपण पावती दाखवायला निघतो, आणि आपल्याकडे बुद्धाची लेणी प्रेमवीरांची नावं कोरायला उपयोगी पडतात. मावसभाऊ ड्रायव्हरला समजावत होता, ‘‘बुद्धा इज आवर गॉड ओन्ली. विष्णूज नाइन्थ अवतार.’’

ड्रायव्हरने नम्रपणे समोर बोट दाखवलं. दलदा मालिगावाच्या समोरच, रस्त्यापलीकडे, विष्णूचं देवालय आहे. ‘‘विष्णू देअर, सर. ही इज गार्डिंग.’’ सिंहली बौद्ध विष्णूला लंकेचा आणि धम्माचा रक्षक मानतात. मावसभावाने रस्त्यापलीकडे पाहिलं. क्षीरसागरातला विष्णू इथे ड्यूटीवर आहे हे पचायला त्याला जरा वेळ लागला.

‘‘आणि भाऊ,’’ ताई चप्पल घालत म्हणाल्या, ‘‘बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांमधली पाचवी वाचून या. मग आपण अवताराबद्दल बोलू.’’

रात्री जेवणात बायकोने उपास सोडला तो सुक्या भातावर. वाढलेल्या नारळाच्या चटणीला, जिला पोल सांबोल म्हणतात, छान खमंग वास येत होता. तिने मुद्दाम विचारलं तेव्हा कळलं की त्यात उंबलकड आहे. म्हणजे वाळवलेला, लाकडासारखा कडक मासा, किसून घातलेला. श्रीलंकेत बऱ्याच भाज्यांतही तो चवीपुरता जातो आणि वाढणारे त्याला मासा धरत नाहीत, मसाला धरतात. शाकाहारी माणसाने ‘नो फिश’ म्हणून भागत नाही, उंबलकडही नको असं नाव घेऊन सांगावं लागतं. मावसभावाने सोडावॉटर मागवलं आणि ते बिअरच्या गतीने प्यायला.

बॅग नुवारा एलियाला पोचली. हे गाव एकोणीसशे मीटरच्या जवळपास उंचीवर आहे, चहाचे मळे, धुकं, इंग्रजांनी बांधलेली गोल्फची हिरवळ. हॉटेलच्या दारात बॅग उभी होती, रंग काळा. आतल्या विजारी प्रवाशाने चढवून पाहिल्या. रोज सकाळी आप्पे आणि नारळाचा रस्सा खाल्ल्याने बटण आणि काज यांच्यात अंतर पडलं होतं. त्याने सारोंगच परत नेसला, पोटाच्या खाली, वर स्वेटर घालून.

ड्रायव्हर दारात आला. त्याला सारोंग परत हवा होता. गावी त्याच्या देवळात काहीतरी कार्यक्रम होता आणि हा त्याचा देवळातला सारोंग होता. त्याने तो हातात घेऊन कमरेपाशी धरून पाहिला. ‘‘बिकेम बिग, सर,’’ तो म्हणाला. तक्रार नव्हती, फक्त नोंद होती.

मग सगळे बाजारात गेले. दुकानदाराने प्रवाशाला वरपासून खालपर्यंत पाहिलं, टेपला हात लावला नाही, मागे वळून फडताळातून दोन सारोंग काढले आणि दोन्ही एकदम काउंटरवर ठेवले. मावसभाऊ पुढे सरसावला आणि दुसऱ्यावर किती सूट मिळेल ते विचारू लागला.